चारशे बारा बोरं

एका जंगलात एक सरकारी शाळा होती आणि, मुलांनो, ती चालू होती. हसायला काय झालं? असायच्या पूर्वी अशा शाळा. हात मागे बांधा आणि ऐका.

शाळेचं नाव शाळा क्रमांक तीन. क्रमांक एक आणि दोन कुठे होत्या ते कोणालाच ठाऊक नव्हतं. शाळेला एक खोली होती, खोलीला छप्पर होतं आणि छपराला एक मोठं भोक होतं. मुख्याध्यापक होते कासवगुरुजी. ते रोज सकाळी सातला घरून निघत आणि साडेअकराला शाळेत पोचत. तोवर मुलं आपापलं शिकत. निकाल चांगला लागायचा.

त्या शाळेत रेशमा नावाची एक मुलगी होती. साळिंदराची. अंगावर चारशे बारा काटे आणि नाव रेशमा. हे नाव तिच्या आईनं ठेवलं होतं. आईला पोरीचे काटे दिसतच नव्हते, त्याला कोण काय करणार?

आईचं नाव यमू. यमू स्वतः कधी शाळेत गेली नव्हती. सही करायची वेळ आली की पंजा उमटवायची. पण परवाच रेशमानं एका गळून पडलेल्या काट्यानं अंगणातल्या मातीत दोन अक्षरं काढली आणि म्हणाली, "हे बघ, 'आई' लिहिलंय." यमूनं त्या अक्षरांभोवती दगड मांडले, चुकून कोणाचा पाय पडू नये म्हणून. त्याच दिवशी तिनं ठरवलं, काही झालं तरी पोरीची शाळा बुडू द्यायची नाही.

आणि नेमकी त्याच आठवड्यात पलीकडच्या जंगलातून बातमी आली. तिथल्या शाळेत म्हणे कोणीतरी दप्तरातून टोकदार वस्तू आणली होती. बातमी पोपटांनी आणली. या जंगलातल्या पालकांना सगळं पोपटांकडूनच कळायचं. एक पोपट बोलला की दुसरा तेच बोलायचा, तिसरा त्यात पदरचं थोडं घालायचा आणि शेवटी म्हणायचा, "आणखी दहा जणांना सांगा." सकाळी टोकदार वस्तू एक होती. जेवणवेळेपर्यंत चाळीस झाल्या.

लगेच पालकांची सभा भरली. अध्यक्ष होते रानडुक्कर दाजीसाहेब. त्यांच्या तोंडातून दोन सुळे कोपरभर बाहेर आलेले होते.

"प्रश्न मुलांच्या सुरक्षेचा आहे," दाजीसाहेब म्हणाले. "शाळेत टोकदार वस्तू येता कामा नये." बोलता बोलता त्यांनी मान हलवली आणि शेजारी बसलेल्या माकडाच्या कानाला सुळा लागला. माकड म्हणालं, "बरोबर आहे."

सशीण इंदूताई तर रडायलाच लागली. तिचा टिल्लू पहिलीत होता. "तपासणी करा हो," ती म्हणाली. "मला घास जात नाही."

शाळेच्या दारात कमान बांधायची आणि तिच्यावर तपासणीला कोणीतरी बसवायचं, असं ठरलं. एक म्हातारं हरीण म्हणालं, "पण शाळेला कुंपणच नाही. कमानीच्या बाजूनं कोणी आत आलं तर?"

"बाजूनं यायला बंदी आहे," दाजीसाहेब म्हणाले. त्यावर हरणाचं समाधान झालं.

तपासणीला टिटवीबाईंना नेमलं. टिटवी पाय वर करून झोपते, माहीत आहे ना? आकाश पडलं तर झेलायला. टिटवीबाई बारा वर्षं रोज अशा झोपत होत्या आणि बारा वर्षांत आकाश एकदाही पडलं नव्हतं. सुरक्षेच्या कामाचा इतका अनुभव जंगलात दुसऱ्या कोणाला नव्हता.

ठरावाला सगळ्यांनी पंजे वर केले. यमूनंही केला. तिलाही रेशमाची काळजी होतीच की. सभा संपता संपता कासवगुरुजी पोचले आणि त्यांनी विचारलं, "छपराचं काय ठरलं?" पण सगळे निघाले होते.

पहिल्या दिवशी कमानीखालून हरणाचं पाडस गेलं. टिटवीबाईंनी शिंगं पाहिली आणि ओरडल्या, "टोकदार, टोकदार!" मग मांजराचं पिल्लू आलं. नखं पाहून ओरडल्या. मग माकडाचं पोर आलं, ते घाबरून दात विचकत होतं, तर त्याचे दात पाहून ओरडल्या. दुपारपर्यंत शाळेत एकच विद्यार्थी पोचला होता. टिल्लूचा मित्र, गोगलगाय.

पालक चिडले. आपली मुलं टोकदार नाहीत, हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक होतं. मग सवलती निघाल्या. दाजीसाहेबांच्या धाकट्याचे सुळे ही घराण्याची शोभा ठरली. हरणांची शिंगं वंशपरंपरा ठरली. मांजराची नखं आत जातात, म्हणून ती असून नसल्यासारखी. माकडाचे दात हसण्यासाठी असतात. प्रत्येक टोकाला वेगळा अर्ज, आणि प्रत्येक अर्जावर गुरुजींची सही. बस्स, झालं.

यमूही सवलत मागायला गेली.

"किती टोकं?" दाजीसाहेबांनी विचारलं.

"चारशे बारा."

दाजीसाहेबांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी सकाळपासून एका सहीच्या मध्यावर होते.

"जमणार नाही, यमूताई. काटे काढून पाठवा."

"काढून? पोरीचे काटे काय मी बाजारातून आणलेत, परत करायला?"

"मग झाका. टोक दिसलं की टिटवीबाई ओरडणार. आणि एकूण सात दिवस गैरहजेरी झाली, की पटावरून नाव कमी. नियम आहे."

यमू घरी आली, कोपऱ्यात बसली आणि पोटभर रडली. मग उठली आणि बोरीच्या झाडाखाली गेली. यंदा बोरं उदंड आली होती. तिनं पदरभर बोरं वेचली आणि रेशमाला समोर बसवून एकेका काट्याच्या टोकावर एकेक बोर खोचलं. एक काटा, एक बोर. चारशे बारा बोरं खोचून होईपर्यंत शाळा सुटली. दुसऱ्या दिवशी ती कोंबडा आरवायच्या आत उठली. तरी उशीर झालाच. असे सहा दिवस गेले. सातव्या दिवशी मात्र तिचा हात बसला आणि रेशमा पहिल्या घंटेला कमानीखाली उभी राहिली. अंगभर बोरं, टोक एकही नाही. टिटवीबाईंनी तिला तीनदा गोल फिरवलं आणि नाइलाजानं आत सोडलं.

आता तुम्हीच सांगा, मधल्या सुट्टीत काय झालं असेल? बरोबर. वर्गातल्या पोरांनी सगळी बोरं खाल्ली. रेशमा बिचारी शांत बसून म्हणायची, "पाठीमागची गोड आहेत, ती घ्या." टिल्लूला खालच्या ओळीतली मिळायची, कारण त्याचा हात तेवढाच पुरायचा. पण तपासणी सकाळी असे. दुपारी कोणाच्या अंगावर काय आहे, हे पाहायचं ठरावात नव्हतं.

यमूच्या बोटांना भोकं पडली होती. तरी पोरगी शाळेत जात होती. तिला तेवढं पुरे होतं.

अशात एक दिवस कमानीखाली अजगरअण्णा आले.

टिटवीबाईंनी त्यांना डोक्यापासून पाहायला सुरुवात केली. शिंगं नाहीत. नखं नाहीत. पायच नाहीत, तर नखं कुठून असणार? अण्णांनी तोंड मिटलेलं होतं. अंग कसं गुळगुळीत, तेल लावल्यासारखं. अण्णा पूर्ण आत जाईपर्यंत पाव तास गेला, पण टिटवीबाई एकदाही ओरडल्या नाहीत.

पालकांना भरून आलं. गोगलगाय सोडली, तर कमान बांधल्यापासून पहिल्यांदाच कोणी एका झटक्यात निर्दोष पास झालं होतं. दाजीसाहेबांनी अण्णांना हार घातला. अण्णांची मान कुठे संपते ते त्यांना कळेना, म्हणून हार कुठे थांबवायचा तेही कळेना. शेवटी अण्णांना शाळेचे सुरक्षा सल्लागार नेमलं.

"मला मुलं फार आवडतात," अण्णा म्हणाले. ते खरंच होतं.

अण्णा वर्गात मागे पडून राहायचे. मुलांना सांगायचे, अंगानं भरा, सावकाश फिरा, दाटीवाटीनं बसा. आठ दिवसांनी म्हणाले, "मी मुलांच्या गणवेशाची मापं घेतो. मी म्हणजे चालताबोलता टेपच." पालकांनी टाळ्या वाजवल्या. इतकी वर्षं गणवेशाकडे कोणी लक्ष दिलं नव्हतं.

मापं मधल्या सुट्टीनंतर सुरू झाली. सर्वांत आधी टिल्लू. अण्णांनी त्याच्याभोवती एक वेढा घातला आणि म्हणाले, "छाती बारीक आहे. जरा आतून मोजू." त्यांनी तोंड उघडलं. आत बराच अंधार होता. टिल्लूनं घाबरून शेजारच्या रेशमाला मिठी मारली, जपून, बोटं सांभाळून. रोजच्या बोरांमुळे त्याला तिच्या पाठीची सवय होती.

"दोघांचं एकदम घेतो," अण्णा म्हणाले आणि त्यांनी दोघांभोवती वेढा आवळला.

रेशमाच्या अंगावर त्या वेळी एकही बोर नव्हतं.

अण्णा आयुष्यात पहिल्यांदा सरळ झाले. काठीसारखे. छपराच्या भोकातून त्यांचं डोकं बाहेर आलं, तिथून ते खाली आपटले आणि दाराकडे जे सुटले ते थेट कमानीत. टिटवीबाईंनी पाहिलं, अण्णांच्या अंगात चौदा काटे उभे. त्या जीव तोडून ओरडल्या, "टोकदार, टोकदार!"

अण्णांना थांबवून चौदा अर्ज दिले. भरेपर्यंत ते थांबले नाहीत. पुन्हा जंगलात कोणाला दिसलेही नाहीत.

संध्याकाळी सभा भरली. यमू रेशमाला मांडीवर घेऊन बसली होती. ती मनात म्हणत होती, आता निदान कोणीतरी म्हणेल, शाब्बास पोरी.

दाजीसाहेबांनी चौकशीचा अहवाल वाचला. "आज शाळेत एकूण चौदा टोकदार वस्तू सापडल्या. सर्व एकाच विद्यार्थिनीच्या. त्यांमुळे एका निष्कलंक सल्लागाराला इजा झाली."

"आणि टिल्लू?" यमूनं विचारलं.

"टिल्लूकडे टोकदार काहीच सापडलं नाही. त्यामुळे त्याचा विषय निघत नाही. ठराव असा, की उद्यापासून दर काट्याला दोन बोरं. आणि ती खाल्ल्यास नाव पटावरून कमी."

पंजे वर गेले. इंदूताईचाही गेला. टिल्लू तिच्या कुशीत होता आणि ती यमूकडे पाहत नव्हती. गुरुजी दारात पोचले आणि म्हणाले, "छपराचं..." तेवढ्यात सभा संपली.

यमू पोरीला घेऊन निघाली. बोरीखाली तिला इंदूताईनं गाठलं. इकडेतिकडे पाहिलं आणि कुजबुजली, "यमू, उद्यापासून टिल्लूला रेशमाच्याच बाकावर बसू दे गं. मी तुझ्या पाया पडते."

पुढच्या वळणावर मांजरीण थांबली होती. तिचंही तेच म्हणणं होतं. नाल्यापाशी हरीण होतं, करवंदीच्या जाळीत माकडीण होती. शेवटी खुद्द दाजीसाहेब झाडाआडून बाहेर आले. त्यांनी घसा साफ केला.

"आमचा धाकटा जरा भित्रा आहे, यमूताई. बाकावर जागा असेल तर बघा."

"जागा आहे," यमू म्हणाली. "पण रेशमाला कशी पाठवू? दोन दोन बोरं लावून, का न लावता?"

दाजीसाहेबांनी मागं पाहिलं, पुढं पाहिलं. वर झाडावर पोपट नाही ना, तेही पाहिलं.

"न लावताच पाठवा," ते हळूच म्हणाले. "ठरावात असू द्या लावलेली."

दुसऱ्या दिवशी यमू उशिरा उठली. रेशमाचे उरलेले तीनशे अठ्ठ्याण्णव काटे न्हाऊन वाळवून, जसेच्या तसे शाळेत गेले. टिटवीबाई घसा बसेपर्यंत ओरडल्या. सगळे पालक कमानीपाशी उभे राहून लक्षपूर्वक आकाशाकडे पाहत होते. वर्गात एका बाकावर सतरा मुलं बसली होती आणि बाकीचे बाक रिकामे होते.

यमूनं घरी येऊन एक बोर तोंडात टाकलं. इतक्या दिवसांत पहिलंच. गोड होतं.

तात्पर्य: मुलांनो, शाळेत टोकदार वस्तू नेणं फार वाईट. ती नेहमी आपल्या शेजारी बसणाऱ्यानं आणावी.