न दिलेल्या निरोपाचा मूकपट

साहित्यकृतीचा मूकपट होताना तिचा आत्मा कसा राखावा, हे या इलाख्यात मला एकट्यालाच कळते, अशी १९३० सालच्या माघापर्यंत माझी खात्री होती. माझी कादंबरी पडद्यावर आणायला निघालेल्या शिवदास दिग्दर्शकांना मी एकच अट घातली होती: बाकी हवे ते करा, अखेरचा निरोप मात्र अश्रूंसहित, जसा छापला आहे तसा.

कादंबरीत दोन काळ आहेत. तीनशे वर्षांपूर्वी चौल बंदरातून एक स्त्री गलबतावर चढते आणि परतत नाही. आजच्या काळात रेवदंड्याहून तेच दुसरीच्या वाट्याला येते. समीक्षकांनी या रचनेत पाश्चात्त्य प्रभाव शोधून काढला. त्यांच्या व्यासंगाला माझे वंदन. ती दुसरी म्हणजे माझी पत्नी नलू. पाच वर्षांपूर्वी ती करमअली नाखव्याच्या मचव्यातून मुंबईच्या इस्पितळात गेली आणि नवव्या दिवशी वारली. तिला पोचवायला मी धक्क्यावर गेलो नव्हतो. संस्कृत विरहकाव्यावरील माझ्या निबंधाची मुद्रिते तपासायची होती. कादंबरीत मात्र मी धक्क्यावर उभा आहे, आणि मला पाहून ती रडते. हा निरोप तिला निदान पडद्यावर मिळावा, एवढाच माझा स्वार्थ.

पुरातन काळ शिवदासांनी मुंबईत पुठ्ठ्याच्या किल्ल्यात उरकला. निरोपासाठी ते रेवदंड्यास आले, आणि वास्तवाचा ध्यास अनावर होऊन त्यांनी सुपारी घेऊन मुंबईस निघालेला करमअलीचा खराखुरा मचवाच निवडला. नायिका केसरबाईंना वाटेत मांडव्याला उतरवायचे ठरले. बाईंनी डोळ्यांत कांद्याचा रस घातला. चित्रीकरणाचे यंत्र सज्ज झाले.

तेवढ्यात करमअलीची बायको फिरोजा आडवी आली. निघत्या मचव्यात कोणी रडायचे नाही, हा तिथला रिवाज. रडत गेलेले माणूस दर्या परत देत नाही. शिवदासांनी समजावले की हे रडणे खोटे आहे. मग मचवापण खोटा हाय काय, असे तिने विचारले. या प्रश्नाला सौंदर्यशास्त्रात उत्तर नाही; मी शोधले आहे.

ओहोटी लागली तसा करमअलीने दोर सोडला. यंत्र फिरू लागले. केसरबाई रडू लागल्या. फिरोजाने माझी छत्री हिसकावून काखेत मारली, नसलेला चष्मा सावरला, आणि वाचत चालताना मी बोंबील वाळवायच्या काठ्यांवर जसा आदळतो, तशी ती हुबेहूब आदळली. धक्क्यावरच्या बायका खिदळल्या. केसरबाई कांद्याच्या पाण्यासकट पोट धरून हसल्या. शिवदास थांबा थांबा म्हणत राहिले. पण निघालेला मचवा माघारी वळवायचा नाही, हा दुसरा रिवाज. फीत संपली.

माझ्या पत्नीच्या निरोपाची ही विटंबना कशासाठी, असे मी फिरोजाला विचारले. आवाज चढू दिला नाही.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमची नलूबाय त्या दिशी रडतच गेली. सारखी रस्त्याकडं बघत व्हती, तुमी येताव काय म्हनून. शिकलेल्याच्या बायकोला काय सांगायचं, म्हनून मी गप ऱ्हायले. ती आली न्हाय. आता पुन्यांदा मी गप ऱ्हानार न्हाय."

कादंबरीतले तिचे अश्रू मी कल्पनेने रचले होते. उत्तम जमले आहेत, असे मला वाटत असे. मी छत्री परत घेतली.

शिवदासांच्या हाती हसरी नायिका तेवढी उरली. हसत गेलेली स्त्री मरत नाही, असा निष्कर्ष काढून त्यांनी शेवटच बदलला: तीनशे वर्षांपूर्वी न परतलेली ती या जन्मी ठणठणीत होऊन परतते, आणि धक्क्यावर वाट पाहणारा विद्वान तिला हात देऊन उतरवून घेतो. मी नऊ पानी निषेध पाठवला. उत्तर आले नाही.

अलिबागच्या तंबूत तो मूकपट लागला, तेव्हा त्यातील प्रमादांची सटीक यादी करून वृत्तपत्राकडे धाडण्याचा मी संकल्प केला. त्यासाठी आजवर सात खेळ पाहिले आहेत. यादीत अद्याप एकही नोंद नाही. ती मचव्यातून उतरते तेव्हा तंबूत फार अंधार असतो, आणि अंधारात लिहिता येत नाही, एवढेच त्याचे कारण.