बारा काड्या, बारा कुंड्या

आइसकांड्यांची सगळी तयारी झाली होती. कलिंगडाचा रस गाळून ठेवला होता, संत्री पिळून पिळून मावशीची बोटं आंबली होती, बारा कागदी कप ओट्यावर रांगेत उभे होते. नव्हत्या त्या फक्त काड्या.

"मी आणते," म्हणत दहा वर्षांची भाची उठली आणि दहा मिनिटांत मूठभर काड्या घेऊन हजर झाली. घरात तिला वकीलबाई म्हणत, त्यामुळे काड्या कुठून आणल्या हे मावशीने विचारलं नाही. विचारलं की उत्तर लांबतं.

"धुतल्यास ना?"

"साबणाने. दोनदा," तिचा धाकटा भाऊ टिल्लू अभिमानाने म्हणाला. "मी घासल्या."

मावशीने त्याच्या गालाचा मुका घेतला, कप फ्रीजरमध्ये सरकवले आणि आपण मुलं किती छान सांभाळतो, या समाधानात झोपली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला गॅलरीतून आजोबांची आरोळी आली. "माझ्या काड्या कुणी उपटल्या?"

आजोबा म्हणजे मावशीचे वडील. पस्तीस वर्षं टपाल वाटलं, पण एकही पत्र चुकीच्या दारात टाकलं नाही, हे ते जेवताना मीठ मागावं तितक्या सहज सांगत. निवृत्तीनंतर गॅलरीत मिरचीची रोपं करायचं वेड लागलं होतं. बारा कुंड्या, बारा शेजारी. कुणाला जाळ तिखट हवी, कुणाला ढब्बू. आणि एवढी लहान असताना सगळी रोपं जुळ्या भावंडांसारखी. म्हणून प्रत्येक कुंडीत नाव लिहिलेली एक काडी. आज संध्याकाळी पाचला वाटप.

"पहिल्या येणार हेडबाई!" आजोबा कपाळावर हात मारून म्हणाले. समोरच्या निवृत्त मुख्याध्यापिकांना तिखट सोसत नसे. "त्यांना जाळ मिरची गेली तर माझी पस्तीस वर्षं पाण्यात!"

"पण आजोबा, काड्या तुमच्या कशा?" वकीलबाई पुढे झाली. "गेल्या उन्हाळ्यात आइसकांड्या खाल्ल्या आम्ही. तुम्ही आमच्याकडून काड्या मागून घेतल्या. आम्ही परत घेतल्या."

"कुठे आहेत त्या?"

टिल्लूने फ्रीजकडे बोट दाखवलं.

"वितळवून काढू या," मावशी म्हणाली.

"वितळवायच्या?" टिल्लूचा ओठ थरथरला. "म्हणजे मोरीत ओतायच्या?"

अन्न टाकायचं नाही, हा आजोबांचाच नियम. मग काय, चौघं स्वयंपाकघरात मांडी घालून बसली. बारा आइसकांड्या, प्रत्येकी तीन. पहिली मजेत गेली. दुसरीला मावशीची दाढ ठणकली. तिसरीला आजोबांनी कवळी काढून वाटीत ठेवली आणि उरलेल्या हिरड्यांनी लढत राहिले. मुलं मात्र निवांत चोखत होती.

शेवटी बारा काड्या ताटात पडल्या. गोऱ्यापान, कोऱ्याकरकरीत.

"नावं कुठं गेली?" आजोबा बोळक्या तोंडाने म्हणाले.

"मी घासल्या," टिल्लू म्हणाला. या वेळी जरा हळू.

साडेचार वाजले होते. मावशीला रडावं की दाढ धरावी ते कळेना. तेवढ्यात वकीलबाईने दप्तरातून वही काढली. तिची आई रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. नाव नोंदवल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही, हे आईने घरातही भिनवलं होतं. पोरीने काड्या उपटण्याआधी प्रत्येक कुंडीच्या मागच्या बाजूला खडूने आकडा घातला होता आणि वहीत आकड्यापुढे नाव लिहिलं होतं.

"अगं कार्टे! मग तीन वाजता का नाही बोललीस?"

"बोलले असते तर एका दिवसात तीन-तीन खाऊ दिल्या असत्यास?"

 मावशीला हसू फुटलं. "बाबा, सुटलात! पुसा घाम."

पण आजोबा हसेनात. वही हातात घेऊन ते स्टुलावर मटकन बसले. कवळी तोंडात घातली, पुन्हा काढली, पुन्हा घातली.

"गेल्या गुरुवारी पाणी घालताना माझा धक्का लागला," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले. "फळीच कलंडली. रोपं एकीकडे, काड्या एकीकडे. मी आपल्या अंदाजाने खोचल्या."

"म्हणजे ही यादी..."

"तंतोतंत चुकीची आहे."

"मग मघापासून मुलांवर कसले ओरडत होता?"

"म्हटलं, आता हा घोळ यांच्या नावावर खपून जाईल."

वकीलबाईने एका क्षणात हिशेब केला. "खपवू की. उद्या परत बारा आइसकांड्या करायच्या. पण काड्या तुम्ही आणायच्या."

आजोबांनी मान डोलावली. तेवढ्यात बेल वाजली.

हेडबाई दारात उभ्या. मुलं खाली मान घालून पुढे झाली. "बाई, काय सांगू," आजोबांनी सुरुवात केली, "या पोरांनी नावांच्या सगळ्या काड्या..."

हेडबाईंनी चष्म्यावरून मुलांकडे पाहिलं, मग आजोबांकडे. "पोस्टमन, चाळीस वर्षं मी शाळेत पोरांचे चेहरे वाचलेत. ही दोघं सुपारी घेऊन उभी आहेत. गुन्हेगार तुम्ही."

आजोबांची जीभ संत्र्याने केशरी झालेली होती. ती त्यांनी चावली.

"द्या कुठलंही रोप," हेडबाई म्हणाल्या. "तिखट निघालं तर मी कशाला खाईन? तुम्हाला रोज जेवायला बोलवीन."