टोकाचं टोपण

आमच्या ऑफिसात कोणी कॉम्प्युटरवर पासवर्ड टाकायला बसलं, की करंदीकर ओरडायचा, "तोंडं फिरवा!" आणि सगळ्यांच्या आधी स्वतः भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. एका खोलीच्या घरात कोणी लुगडं बदलायला लागलं की पुरुषमाणूस वळतो ना, अगदी तसा. वर डोळेही मिटून. मग साहेब असोत, चहावाला असो, नाहीतर पोस्टमन, सगळ्यांनी वळायचं. चार महिन्यांत आम्हाला इतकी सवय झालेली की त्याने नुसतं "तोंडं" म्हटलं, की अख्खी खोली गर्रकन फिरायची.

मी भोईर. कोलशेतचाच, गावातला. तिथल्याच रंगाच्या कारखान्यात स्टोअर्स सांभाळायचो. ही नव्वदनंतरची गोष्ट. कारखान्यात पहिला कॉम्प्युटर आला तो माझ्या टेबलावर. फ्लॉपी कुठल्या बाजूने घालायची हे त्या वेळी फक्त मला ठाऊक. टायपिंगच्या शिंदेबाई हातातलं काम टाकून यायच्या, "भोईर, जरा बघा ना हो," आणि जाताना डब्यातली एक अळूवडी ठेवून जायच्या. काय दिवस होते!

मग डोंबिवलीहून हा करंदीकर आला. कॉन्ट्रॅक्टवर, नेटवर्क टाकायला. एक लांबलचक काळी केबल, या टेबलावरून त्या टेबलावर, आणि सगळी मशीनं तिला जोडलेली. केबलच्या दोन्ही टोकांना अंगठ्याएवढं चकचकीत टोपण. एक टोक साहेबांच्या केबिनमध्ये, दुसरं माझ्या स्टोअर्समध्ये. टोपण निघालं की अख्खी केबल मुकी, एवढं त्याने पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावलेलं. बघता बघता लोक करंदीकरकडे पळायला लागले आणि अळूवड्याही तिकडेच वळल्या. खोटं कशाला बोलू, मी जळायचो. इतका, की ड्रॉवरमध्ये ॲसिडिटीच्या गोळ्या ठेवायला लागलो.

त्यातून त्याची ती वही! ऑफिसातल्या प्रत्येकाच्या नावाने एक पान, आणि ज्याने जे विचारलं ते त्याच्या पानावर तारखेसकट. शिंदेबाईंनी विचारलेलं, "बाजूच्या मशीनला व्हायरस झाला तर माझं टेबल लांब सरकवू का?" दुसरा कोणी असता तर पोट धरून हसला असता. हा गंभीरपणे अर्धा तास समजावत बसला. वॉचमनने विचारलं, "साहेब, चोर केबलमधून येतो का?" तर हा उडालाच. "उत्तम प्रश्न!" त्याला मेल्याला सगळेच प्रश्न उत्तम. एकदा आपणहून मला म्हणाला, "भोईर, बघा तुम्ही, एक दिवस वायरच नसेल. सगळं हवेतून." मी म्हटलं, "मग काय, स्टॉकची यादी रेडिओवर ऐकायची?" लोक खो खो हसले. हा मात्र आशेने माझ्याकडे बघत उभा, मी पुढे काहीतरी विचारेन म्हणून. विचारतोय माझा जोडा!

एका शुक्रवारी हेड ऑफिसचे मोठे साहेब नेटवर्क बघायला आले. नीट चाललं तर करंदीकरला कायम करणार, नाहीतर महिनाअखेर नारळ. सकाळीच शिंदेबाईंनी त्याच्या टेबलावर देवाचा अंगारा ठेवला, आणि शेजारी अळूवड्यांचा डबा. वडी नाही हो, डबा! माझं डोकंच सटकलं. मोठे साहेब तिकडे खुर्चीत बसले आणि इकडे मी टोपण पिळून काढलं, खिशात टाकलं. दोनच मिनिटं, म्हटलं. जरा घाम फुटू दे की बेट्याला.

सगळी मशीनं ठप्प. करंदीकर गुडघ्यांवर बसून टेबलांखालून केबल चाचपत निघाला. पँटला धूळ, कपाळाला जळमट. मोठे साहेब म्हणाले, "याच्यापेक्षा आपल्या फायली बऱ्या होत्या." ते ऐकलं आणि मी खिशात हात घातला. टोपण परत लावायला वाकतो, तर दारात शिंदेबाई. रडवेल्या झालेल्या. "भोईर, तुम्हीच बघा ना हो काहीतरी! नोकरी जाईल बिचाऱ्याची!"

तेवढ्यात रांगत रांगत करंदीकर स्टोअर्समध्ये आला, मागे दोन्ही साहेब. त्याने केबलचं उघडं टोक बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग माझ्या खिशातल्या हाताकडे. मी मनात म्हटलं, भोईर, आज तुझी शंभरी भरली.

करंदीकर उठला, गुडघे झटकले आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "तोंडं फिरवा!"

शिंदेबाई वळल्या, आमचे साहेब वळले, त्यांचं बघून मोठे साहेबही गोंधळून वळले. करंदीकर भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून उभा. मी खिशातून टोपण काढलं. पिळून बसवलं.

"झालं?" त्याने भिंतीलाच विचारलं.

"झालं," मी म्हटलं.

"टोपण सैल होतं, सर," तो साहेबांना म्हणाला. "चूक माझी. सकाळी तपासायला हवं होतं." सगळ्यांदेखत बोलणी खाल्ली पठ्ठ्याने, पण मशीनं चालली आणि नोकरी वाचली.

दुपारी मी त्याच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो. माफी मागायला गेलेलो. त्याने वही काढली आणि एक पान उघडून माझ्यासमोर सरकवली. वर सुवाच्य अक्षरात 'भोईर', आणि खाली पान कोरं. पहिल्या दिवसापासूनचं.

"तुमचंच तेवढं राहिलंय," तो म्हणाला. "डोंबिवलीला घरी मी एकटाच असतो हो. तिथे कोण काय विचारणार? इथे सगळे विचारतात. तुम्ही सोडून."

मी खाली मान घातली. म्हटलं, "करंदीकर, टोपण काढलं की सगळंच का हो बंद पडतं?"

"उत्तम प्रश्न!" त्याने पेन उघडलं, तारीख घातली, माझा प्रश्न जसाच्या तसा लिहिला. मग म्हणाला, "बघा, सिग्नल टोकापर्यंत जातो. तिथे ऐकून घेणारं कोणी नसलं, की तसाच उलटा येतो आणि सगळ्यांच्या बोलण्यात गोंधळ घालतो. टोपण काय करतं? ऐकून घेतं. बाकी काही नाही."

मी खुर्ची ओढली. त्याने डबा माझ्याकडे सरकवला आणि पुढे बोलायला लागला. पाचचा भोंगा झाला, माणसं घरी गेली, झाडूवाल्या मावशीही येऊन गेल्या. करंदीकर बोलत होता आणि मी बसून ऐकत होतो.