जावळाची सुरक्षित जागा

शनिवारी सकाळी सासूबाईंची बॅग भरून झाली, वजनकाट्यावर चढून उतरली, आणि त्यांनी यादीतल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"रुचिरा, जावळ तेवढं काढून ठेव हो. उद्या निघताना गडबड नको."

"आहे आई, अगदी सुरक्षित आहे. आम्ही फिरून आलो की देते," रुचिरा म्हणाली.

रुचिराच्या मुलाचं, क्षितिजचं, जावळ झालं तेव्हा तिचा नवरा मुकुल नोकरीवर जहाजावर होता आणि सासूबाई वाईहून मोबाइलवर बघत होत्या. केस झेलायचा मान आत्याचा. पण आत्या, म्हणजे मुकुलची बहीण उल्का, हीसुद्धा वाईलाच. म्हणून ते मऊ, तपकिरी केस रुचिरानंच ओंजळीत झेलले. ते पाण्यात सोडायचे असतात. पण सिंगापूरच्या पाण्यात काही सोडायची रुचिराची छाती नव्हती. बिशानच्या पार्कमध्ये ओढ्याकाठी ती क्षितिजला बिस्किटसुद्धा देत नसे. चुरा पाण्यात पडला तर? मग ठरलं, केस वाईला जातील आणि उल्का ते कृष्णेत सोडेल. तोवर रुचिरानं सांभाळायचे. "एवढं एकच काम आहे तुझ्याकडे," सासूबाई म्हणाल्या होत्या.

आता सांभाळायचे कुठे? ड्रॉवर क्षितिज उघडत होता. देवघरात मुंग्या होत्या. कपड्यांच्या कपाटातून काय कधी नाहीसं होईल याचा नेम नव्हता. तीन दिवस विचार करून रुचिरानं घरातली एकमेव बिनधोक जागा शोधून काढली: मुकुलची मासे पकडायच्या सामानाची पेटी. तिच्यात गळ असत, म्हणून रुचिरानंच तिला दोन कड्या लावून ती उंच फळीवर ठेवलेली. केसांची पिशवी तिनं तळच्या कप्प्यात सरकवली आणि चार महिने निर्धास्त झोपली.

पेटीला एक मालक आहे आणि तो आठ दिवसांपूर्वी सुट्टीवर आला आहे, हे मात्र तिच्या ध्यानातच आलं नाही.

आता जावळ माशांच्या गळांत ठेवलंय हे सासूबाईंना सांगणार कसं? म्हणून मुकुल पेटी घेऊन जलाशयावर निघाला, तेव्हा "आम्हीपण येतो" असं रुचिरा स्वतःहून म्हणाली. तिकडेच गुपचूप पिशवी काढून घ्यायची. मुकुलला काही हे माहीत नव्हतं. त्याला भरून आलं.

जलाशयावरचा नियमांचा फलक रुचिरानं दोनदा वाचला. मासेमारीला परवानगी फक्त या पट्ट्यात, आमिष फक्त खोटं. म्हणजे गांडुळं नाहीत. तिला जरा बरं वाटलं. क्षितिजची प्रॅम तिनं मुकुलच्या रॉडपासून तीन रॉड लांब, मोजून उभी केली, चाकांना ब्रेक लावले, आणि पुन्हा एकदा लावले.

"ही बघ गंमत," मुकुल म्हणाला. "ही खोटी माशी. हिला वजनच नाही, मग साध्या रॉडनं लांब जाणार कशी? म्हणून पुढे हा प्लास्टिकचा फुगा बांधायचा, अर्धा पाण्यानं भरलेला. फुगा लांब जातो, माशी त्याच्या मागोमाग. मग हळूहळू ओढायचं. माशाला वाटतं, किडा पोहतोय."

तासाभरानं पुन्हा एकदा पाण्यावर डुबुक झालं. तळहाताएवढा एक मासा उसळला आणि मुकुलनं तो अलगद सोडवून परत पाण्यात सोडला. तेवढ्यात रुचिरानं पेटीचा तळचा कप्पा उघडला. तो रिकामा होता.

"मुकुल, इथं एक पिशवी होती."

"अगं हो! थँक्यू म्हणायचंच राहिलं." त्याचे डोळे खरंच पाणावले. "सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्या छंदासाठी तू काहीतरी आणलंस. काय मऊ फर आहे! सशाचं का गं?"

रुचिरानं रिकामा कप्पा पुन्हा चाचपला. "काय केलंस त्याचं?"

"खोट्या माश्या बांधल्या त्याच्या. चार."

"उरलेलं?"

"बारीक कात्रण होतं. टाकलं कचऱ्यात."

"आणि माशीवर हे पिवळं काय आहे?"

"फोम. त्याशिवाय तरंगणार कशी? क्षितिजच्या एबीसीडीच्या मॅटमधला क्यू कापला. क्यू कुणाला लागतो?"

"अरे, क्यू यानं गिळला म्हणून दोन दिवस मी याचे डायपर तपासतेय!"

"मग, नाही ना सापडला? चांगलंच झालं की."

"मुकुल," रुचिरा सावकाश म्हणाली, "ते फर सशाचं नाहीये."

तिनं प्रॅमकडे पाहिलं. मुकुलनंही पाहिलं. क्षितिजनं डोक्यावरचे नवे, राठ, काळे केस खाजवले आणि टाळ्या पिटल्या.

"अरे बाप रे," मुकुल म्हणाला.

"चार माश्या. कुठे आहेत?"

पहिली मघाशी एका मोठ्या माशानं दोर तोडून नेली होती. दुसरी पाण्यावर झुकलेल्या फांदीला लटकत होती. तिथवर हात पोचणं शक्य नव्हतं. तिसरी दोराला होती, पण माशांनी तिला असं चावलं होतं की तिच्यावर फक्त क्यू उरला होता.

"चौथी?"

मुकुलनं नुसतं बोट दाखवलं. दहा पावलांवर टोपी घातलेले एक चिनी अंकल रॉड घेऊन उभे होते. "त्यांनी मागितली. आणि मघापासून त्यांनाच जास्त मिळतायत."

रुचिरा प्रॅम ढकलत थेट अंकलसमोर जाऊन उभी राहिली. "अंकल, सॉरी, प्लीज, दॅट फ्लाय बॅक?"

"आय्यो, व्हाय? दिस वन व्हेरी गुड, लाह! फर सो सॉफ्ट. व्हेअर यू बाय?"

"नो बाय," रुचिरा म्हणाली. "माय सन."

अंकलनी प्रॅमकडे पाहिलं. मग माशीकडे पाहिलं. मग दोर कापला आणि दोन्ही हातांनी, किंचित वाकून, माशी तिला परत केली.

घरी जाताना बसमध्ये मुकुल म्हणाला, "सोडवू का केस?"

"सोडवून किती निघतील? आठ? आईंना आठ केस देऊ?" रुचिरानं माशी उलटसुलट पाहिली. "गळ कापून टाक. बाकी असू दे."

संध्याकाळी सासूबाईंनी डबी उघडली. आतून एका पिवळ्या किड्यानं त्यांच्याकडे पाहिलं.

"अगं बाई! हे काय?"

रुचिरा खोटं बोलणाऱ्यांतली नव्हती. पण शब्द आपसूक बाहेर आले. "इथं असंच करून देतात, आई."

"कोण?"

"सलूनमध्ये. मोकळे केस नेले तर विमानात सांडतील ना. म्हणून असे बांधून देतात."

"आणि हे पिवळं?"

"तरंगायला."

मुकुल छताकडे बघत होता. सासूबाईंनी किडा उजेडात धरला, नखानं हळूच टोकरला, आणि त्यांचा चेहरा उजळला. "किती निगुतीनं करतात गं ही माणसं! आपल्याकडे नुसते कणकेच्या गोळ्यात खुपसतो."

मंगळवारी वाईच्या घाटावरून व्हिडिओ कॉल आला. उल्कानं हळदकुंकू वाहून माशी पाण्यात सोडली. ती बुडेना. दोन मिशा वर करून ऐटीत तरंगत राहिली.

"बुडत का नाही गं?" सासूबाईंचा आवाज बदलला. "काही चुकलं का आपलं?"

तेवढ्यात पाण्याला एक खळगा पडला. गपकन. माशी नाहीशी.

"मार झटका!" मुकुल ओरडला. रुचिरानं त्याला चिमटा काढला.

सासूबाईंनी मात्र डोळे मिटून हात जोडले होते. "घेतलं हो, कृष्णामाईनं लगेच पदरात घेतलं!"

मग मोबाइलच्या पडद्यावर उल्काचा चेहरा आला. "वहिनी, आमच्या गार्गीचं जावळ पुढच्या महिन्यात आहे. केस कुरिअर केले तर तिकडे असंच करून मिळेल ना? माझ्या सासूबाई विचारत होत्या, निळ्या रंगात मिळतं का?"

रुचिरानं खाली मॅटकडे पाहिलं.

"मिळतं की," ती म्हणाली, आणि निळा झेड पायानं हळूच मुकुलकडे सरकवला.