मधुकररावांची दलाली

मधुकरराव शिवी पुढे पोचवत नाहीत. पंडरीच्या ठोक कापड बाजारात दलाली करताना त्यांनी अशा किती शिव्या वाटेतच गिळल्या, ते त्यांनाही सांगता येणार नाही.

मी बूढ़ापारा वस्तीत त्यांचा शेजारी. वर्तमानपत्रातल्या नोकरीसाठी नागपूरहून इथे छत्तीसगढात आलो. त्यांचं घराणं मराठ्यांच्या राज्यापासून इथलं. छत्तीसगढी, ओडिया, सिंधी, मारवाडी ते सराईत बोलतात. तेलुगू बेताची येते, म्हणून त्या गिऱ्हाइकाला चहा दोनदा पाजतात.

एकदा त्यांच्याबरोबर साड्या घ्यायला गेलो. ओडिशाचा एक दुकानदार सिंधी शेठजींसमोर तावातावानं बोलत होता. मधुकररावांनी मान हलवत ऐकून घेतलं, मग शेठजींना सिंधीत दोन वाक्यं सांगितली. शेठजी नरमले. सौदा झाला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "तो एवढा काय म्हणत होता?"

"शेठले चोर म्हणून राहिला होता."

"आणि तुम्ही?"

"म्हटलं, लांबून आले, भाड्याचा विचार करा."

"हे खोटं झालं."

"खोटं काहून? भाडं लागतेच ना! गरम भांडं फडक्यानं धरा लागते, भाऊ."

एवढ्या भाषांचा माणूस घरात मराठी बोलायचा, ती मुख्यतः पत्नीशी, कुसुमताईंशी. मुलाला मराठी समजते, पण तो उत्तर हिंदीत देतो. सून बिलासपूरची. सासूसुनांचं सगळं हिंदीतच चालायचं.

मग कुसुमताई विसरू लागल्या. आधी माणसांची नावं गेली, नंतर हिंदी गेली. सून बोलली की त्या नुसत्या तिच्या तोंडाकडे बघत. जेवण कमी होत चाललं. मधुकररावांनी पंडरीला जाणं बंद केलं. हल्ली सौदे मोबाइलवर होतात, दलालाला कोण विचारतो, असं बाजारात लोक म्हणाले. मधुकररावांनी त्यांना तसंच म्हणू दिलं.

परवा दुपारी मी गेलो, तेव्हा सून पेजेची वाटी घेऊन उभी होती.

"पापाजी, मम्मीजी से कहिए, अब मेरे से नहीं होता. सुबह से तीन बार गरम कर चुकी हूँ."

मधुकरराव पत्नीकडे वळले. "कुसुम, तुझ्यासाठी पुन्हा गरम करून आणली तिनं."

"ही बाई काहून येते घरात? हाकला तिले."

मधुकरराव सुनेला म्हणाले, "कह रही हैं, बहू थक गई होगी, ज़रा बैठ जाए."

इतक्या वर्षांत सुनेला एवढी मराठी कळू लागली होती. तिनं वाटी सासऱ्यांच्या हातात दिली आणि भिंतीला टेकून बसली.

मधुकररावांनी चमचा पुढे केला. कुसुमताईंनी त्यांना खालून वर न्याहाळलं. पदर सावरला.

"तुम्ही बाजारातले का?"

चमचा तसाच थांबला.

"हव," मधुकरराव म्हणाले.

"मले भावातलं काही समजत नाही. आमचे हे येतीलच आता. त्यांच्याशी बोला. बसा."

"बसतो, बाई. पण ते येईपर्यंत एवढं खाऊन घ्या. नाही तं मले रागावतील ते."

"नाही रागावत ते," कुसुमताई म्हणाल्या, आणि त्यांनी तोंड उघडलं.