बाल्कनीतली पाच मिनिटं

"पोर कसं वाढवायचं हे शिकायला डॉक्टरीण कशाला हवी?" असं म्हणून शुक्रीने पालकवर्गाला सहाही आठवडे बायकोला, नहलाला, एकटीलाच पाठवलं. अलेक्झांड्रियाच्या कस्टम्स ऑफिसात म्हणे त्याच्या नुसत्या नजरेने व्यापारी गार पडतात. (घरी सहा वर्षांची नुहा त्याचाच चष्मा लावून त्याला वेडावते, हे ऑफिसात कुणाला ठाऊक नाही.)

शाळेने मात्र निर्वाणीचं कळवलं होतं. नुहा तिसऱ्या बाईंना चावली. आता वर्ग पुरा केल्याची डॉक्टरांची सही आणा, नाहीतर पोरीचं नाव काढा. शेवटच्या दिवशी डॉक्टर सुहेर घरी तपासायला आल्या आणि शुक्रीला चेव चढला. नहलाची टिपणं त्याने त्याच सकाळी चहाबरोबर उरकली होती. एकदाच शांतपणे सांगायचं. ऐकलं नाही तर पाच मिनिटं कंटाळवाण्या जागी बसवायचं. कुणी बोलायचं नाही, काही द्यायचं नाही.

"नुहा, बूट उचल!" तो गरजला. (शांतपणे म्हणतात ते हेच.)

"नाही!"

"चल, बाल्कनीत!"

"अरे, बाल्कनी नको," नहला कळवळली. "वर तुझी आई आहे!"

दोन मिनिटांत वरच्या बाल्कनीतून दोरीला बांधलेली भाजीची टोपली खाली आली. आत पाकात न्हालेली, रव्याच्या केकसारखी गरम बसबूसा.

"आई, टोपली वर घे! उपचार चाललाय!"

"उपाशीपोटी कसला मेला उपचार?" वरून हाज्जा इन्साफ कडाडल्या. "तू गच्चीवरून शेजाऱ्यांच्या कोंबड्या उडवायचास, तेव्हा मी कधी मारलं तुला? बसबूसाच दिली!"

"म्हणूनच हे असं झालं," नहला म्हणाली.

"बदामाचा तुकडा तुझा हो, शुक्रीबाळा!" वरून हाक आली.

"शुक्रीसाहेब, हात लावू नका," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या.

शुक्रीचा हात गेलाच. नुहाने टोपलीकडे पाठ फिरवली, पाच मिनिटं पुरी केली आणि येऊन बूट उचलले. डॉक्टरांनी सही केली. नहलाला रडूच फुटलं; सहा आठवडे तिने एकटीने रेटले होते. शाबासकी घ्यायला शुक्री बोटं चाटत पुढे सरसावला.

डॉक्टरांनी त्याच्या हातात दुसरा कागद ठेवला. 'मूल: शुक्री. वय: एकेचाळीस. पालक: हाज्जा इन्साफ. वर्ग रविवारपासून.'

"मी नाही येणार!" शुक्रीने पाय आपटला.

नहलाने आवाजही चढवला नाही. नुसतं बाल्कनीकडे बोट दाखवलं.