मचवा बुडाला तांबं

"तुमच्या चुका संपणार तरी कधी?" शेडच्या दारात उभं राहून बायकोने विचारलं.

"झाल्याच. मूठभर राहिल्यात," तारमास्तर म्हणाले आणि ओठांत धरलेली एक चूक काढून त्यांनी पत्र्यावर ठोकली.

चूक म्हणजे चपट्या डोक्याचा छोटा खिळा. मास्तरांच्या चुका तांब्याच्या होत्या, कारण पत्राही तांब्याचा होता, आणि पत्रा तांब्याचा होता कारण खाडीच्या पाण्यात लाकूड पोखरणारे किडे असतात असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. आपल्या हाताने बांधलेला मचवा किड्यांनी खावा, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. म्हणून त्यांनी मचवा शेडमध्ये पालथा घातला, बुडाला डांबराचा कागद चिकटवला आणि मागच्या टोकापासून पुढे, एकावर एक कौलं बसवावीत तसे तांब्याचे पत्रे बसवत आणले. चार माणसं कशीबशी मावतील एवढ्या त्या वस्तूला कुणी होडी म्हटलं की मास्तरांचा चेहरा पडायचा. मचवा म्हणायचं. बोलणाऱ्याला हसू आलं तर त्याने बाहेर जाऊन हसायचं.

"उद्या सकाळी माझी शिलाई मशिनं येताहेत," बायको म्हणाली. "ही शेड मी क्लाससाठी मागून चार वर्षं झाली. आज संध्याकाळपर्यंत तुमचा मचवा पाण्यात गेला तर गेला, नाहीतर वखारवाला येऊन लाकूड म्हणून उचलून नेईल. त्याला सांगून ठेवलंय मी."

"अगं, काम झालंय सगळं!"

"झालंय ना? मग बरं. आणि एक सांगते, माझ्या टबाकडे बघू नका."

"मी कशाला बघू?"

"काल अंघोळीला गेलात तेव्हा आतून टबावर टिचक्या मारल्याचा आवाज येत होता. माझ्या आईचा तांब्याचा टब आहे तो. आपली पोरगी त्यात न्हाऊन मोठी झाली." एवढं बोलून ती पिशवी घेऊन बाजारात गेली.

काम झालेलं नव्हतं. अगदी पुढे, नाळेजवळ, एका उशीएवढी जागा उघडी होती आणि पत्रा संपला होता. पत्रा पुरवला होता मेहुण्याने. बायकोच्या या धाकट्या भावाचं खाडीपलीकडे भांड्यांचं दुकान होतं, आणि "पुरेल हो भाऊजी, उलट उरेल!" असं त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. मास्तरांनी बटणांचा जुना फोन काढला आणि त्याला मेसेज टाकला.

आता इथे मास्तरांची खोड सांगायला हवी. सगळी नोकरी त्यांनी तारघरात काढली. शब्दाला पैसे पडायचे तो काळ. लोक पानभर दुःख लिहून आणायचे आणि मास्तर त्याचे पाच शब्द करून द्यायचे. तारा बंद झाल्या, मास्तर निवृत्त झाले, पण शब्द वाचवायची सवय काही गेली नाही. विरामचिन्हं तर ते वापरतच नसत. "वाचणाऱ्याला अक्कल असते," असं त्यांचं मत होतं. तेव्हा मेसेज असा गेला:

"मचवा बुडाला तांबं कमी पडलं लगेच ये ताईला सांगू नको"

मग त्यांनी फोन बंद करून टाकला. तार केली की आपलं काम संपलं, ही दुसरी खोड.

पलीकडे मेहुणा गिऱ्हाइकाला कढई दाखवत होता. त्याने मेसेज वाचला आणि कढई गिऱ्हाइकाच्या पायावर पडली. गिऱ्हाईक ओरडलं, पण मेहुण्याच्या कानापर्यंत ते पोचलंच नाही. मचवा बुडाला! तांबं कमी पडलं! म्हणजे आपल्यामुळेच! त्याने भाऊजींना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. शेवटी त्याने भाचीला लावला. ती दुसऱ्या गावात नोकरीला होती.

"मामा, नीट वाच."

"नीटच वाचतोय. मचवा बुडाला. तांबं कमी पडलं. लगेच ये. ताईला सांगू नको."

"मग बाबा सुखरूप आहेत. त्याशिवाय मेसेज कसा टाकतील?"

"बुडता बुडता टाकला असेल."

"काहीतरीच! बुडता बुडता माणूस 'वाचवा' असं लिहील ना?"

"दुसरा कुणी लिहील. तुझे बाबा शब्द वाचवतील."

हे मात्र भाचीला पटलं, आणि पटलं तशी तिला रडू फुटलं. तिने आईला फोन केला. आई तेव्हा दोऱ्याची रिळं निवडत होती.

"आई, तू बसलीयेस का?"

"दुकानात आहे. इथे कुठे बसू?"

"कशाला तरी धरून उभी राहा. बाबा कुठेयत?"

"असतील शेडमध्ये ठोकत. का गं? मशीनवाल्याचा फोन आला का तुला? उद्या येत नाहीत का मशिनं?"

"मशीनचं नाही गं काही. तू फक्त घाबरू नकोस."

"कशाला घाबरू?"

"ते मी सांगू शकत नाही. मामाने सांगू नको म्हटलंय."

घाबरू नको म्हटल्यावर माणसाने करायचं तेच तिने केलं. रिळं तिथेच टाकून ती घराकडे निघाली.

इकडे मास्तरांनी काही वेळ मेहुण्याची वाट पाहिली होती. तो येईना. तेव्हा घरात कुणी नाही हे बघून त्यांनी कुठून तरी तांब्याचा एक गोल तुकडा पैदा केला, तो ठोकून सपाट केला, नाळेजवळ बसवला आणि उरलेल्या चुका मारून टाकल्या. उशीएवढ्या जागेवर तो जरा ताटासारखा दिसत होता, पण दिसेना का! पाण्याखालचं कोण बघायला येतंय? मग शेडला कुलूप लावून मास्तर धक्क्याकडे निघाले. मचवा न्यायला नावाड्याची हातगाडी हवी होती. वाटेत न्हाव्याचं दुकान लागलं. आजच्या दिवशी दाढी वाढलेली बरी नाही म्हणून ते आत गेले, आणि तिथे त्यांच्या आधी तिघं बसली होती.

बायको घरी आली तर शेडला कुलूप. कान देऊन ऐकलं तर आत चिडीचूप. चार वर्षांत त्या घरात एवढी शांतता कधी नव्हती. ती पायरीवर मटकन बसली. काय झालं असेल ते तिला लख्ख दिसलं. वखारवाल्याच्या धाकाने त्यांनी अर्धवट मचवाच पाण्यात घातला. मी म्हटलं म्हणून. मेली ती शिलाई मशिनं! कोण शिकणार होतं त्या क्लासमध्ये आणि कुणाचं काय अडलं होतं? पदराने डोळे पुसत ती तशीच धक्क्याकडे धावत सुटली.

धक्क्यावर जत्रा जमली होती. मेहुणा खाडी ओलांडून आला होता आणि धक्क्याकडे पाठ करून एका होडीच्या टोकावर बसून पाण्यात दोरीचा गळ फिरवत हुंदके देत होता. आतापर्यंत गळाला एक टायर आणि अर्धी खुर्ची लागली होती. प्रत्येक वेळी तो "भाऊजी!" म्हणून ओरडला होता. नावाडी दुसऱ्या होडीत होता. त्याला मदतीला माणूस हवा होता, तेवढ्यात गुळगुळीत दाढी केलेले तारमास्तर तिथे पोचले.

"काय झालं रे?"

"मचवा बुडाला," पाण्यात वाकलेला नावाडी मान वर न करता म्हणाला. "चला, दोरी धरा."

मास्तर चटकन होडीत उतरले. मचवेवाल्याचं दुःख मचवेवाल्यालाच कळतं. त्यांनी दोरी धरली आणि होडी खोल पाण्याकडे निघाली.

"कसा काय बुडाला?"

"तांबं कमी पडलं म्हणतात."

"काय सांगतोस! माझंही कमी पडलं होतं. सगळीकडे टंचाई दिसतेय." मास्तर हळहळले. "आणि माणसं?"

"एकच होता. म्हातारा."

"अरेरे! या वयात कशाला हे उद्योग करतात कोण जाणे. घरचे काही बोलत नाहीत का?"

"बायकोला तर अजून सांगितलंच नाही म्हणे."

"नका सांगू," मास्तर म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले. "बिचारीला धक्का बसेल."

तेवढ्यात बिचारी धक्क्यावर पोचली. समोर दोन होड्या, पाण्यात गळ, धाय मोकलून रडणारा सख्खा भाऊ. तिला दुसरं काही विचारावं लागलं नाही. तिने पाण्याकडे बघून हंबरडा फोडला, "अहोऽऽ!"

"ओ!" पाण्यातून उत्तर आलं.

धक्क्यावरची माणसं दोन पावलं मागे सरली. मेहुण्याच्या हातातला गळ सुटून खाडीच्या तळाशी गेला. नावाड्याने पहिल्यांदा मान वर केली आणि आपली दोरी कुणी धरली आहे हे नीट पाहिलं.

"मास्तर? तुम्ही?"

"मीच. का?"

"मग आपण शोधतोय कुणाला?"

"ते मला काय माहीत? तूच म्हणालास दोरी धरा!"

होड्या धक्क्याला लागल्या. मग जो गोंधळ उडाला तो काही विचारू नका. मेहुणा भाऊजींना मिठी मारून सोडेना. बायको आधी रडली, मग चिडली, मग पुन्हा रडली. नावाडी विचारत होता की बुडाला कोण ते तरी सांगा, आणि मास्तर मेहुण्याला विचारत होते की सांगितल्यावर तांबं घेऊन यायचं सोडून हा दोरी घेऊन का आला. शेवटी बायकोने भावाचा फोन हिसकावून मेसेज वाचला. एकदा वाचला. मग बोट ठेवून सावकाश वाचला. या माणसाच्या चिठ्ठ्या वाचण्यात तिचा जन्म गेला होता.

"अरे गाढवा," ती भावाला म्हणाली, "मचवा, बुडाला, तांबं. तांबं बुडाला कमी पडलं. बुडाला! खालच्या बाजूला!"

मेहुण्याने फोन परत घेतला. ओठ हलवत वाचलं.

"म्हणजे मचवा बुडाला नाही?"

"बुडाला नाही. बुडाला तांबं नाही."

"एकच झालं ना?" नावाडी म्हणाला.

"वाचणाऱ्याला अक्कल असते असं मी धरून चाललो होतो," मास्तर दुखावलेल्या आवाजात म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा!" बायको कडाडली. "आणि मला सांगू नको असं का लिहिलंत?"

"तुला सांगितलं होतं ना काम झालंय म्हणून. मग नाही झालं, हे कोणत्या तोंडाने सांगणार?"

तिने त्यांच्या गुळगुळीत चेहऱ्यावर एकदा नजर टाकली. मग नाक पुसून धक्क्यावरच्या गर्दीकडे वळली. "एवढी माणसं जमलीच आहात तर नुसती बघत काय उभी राहिलात? चला, आमचा मचवा उचलायला लागा."

हातगाडीचीसुद्धा गरज पडली नाही. बुडालेल्या माणसाला बघायला आलेल्या लोकांनी मचवा खांद्यावर घेऊन धक्क्यावर आणला. उन्हात ते बूड असं लखलखलं की बायकोच्या तोंडूनही "छान दिसतंय हो" असं निघून गेलं. नाळेजवळच्या गोल तुकड्यावर तिची नजर क्षणभर थांबली, पण मास्तर लगबगीने त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. मचवा उलटवला आणि पाण्यात सोडला. तो डावीकडे कलला, उजवीकडे कलला, आणि मग शहाण्यासारखा तरंगत उभा राहिला. आत पाण्याचा थेंब नाही. मेहुण्याने भाचीला फोन करून बाबा सापडल्याचं सांगितलं, आणि कुठे सापडले या तिच्या प्रश्नाला "स्वतःलाच शोधताना" असं खरं उत्तर दिलं. पलीकडे ती पुन्हा रडायला लागली.

"बस ना," मास्तर बायकोला म्हणाले. "पहिली फेरी तुझी."

"मला वेळ नाही. शेड धुवून काढायचीय, उद्या मशिनं येताहेत. तुम्ही या फिरून." पण जाताना ती हसत होती. दोनदा वळून तिने हातही केला. चार वर्षांत मास्तरांनी तिला एवढं खुशीत पाहिलं नव्हतं.

मग मास्तर, मेहुणा आणि नावाडी असे तिघे निघाले. वारा बरा होता. मास्तर वल्हं मारता मारता किड्यांवर बोलत होते, की आता या मेल्यांनी दात लावून दाखवावेत. खाडीच्या मध्यावर पोचले तोच मेहुण्याचा फोन वाजला.

"ताईचा मेसेज आहे," मेहुणा म्हणाला. वाचून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "भाऊजी, हे काय लिहिलंय ते कळत नाही. टब बुडाला. भोक. यांना घरी पाठव."

वल्हं थांबलं.

"टब बाथरूममध्ये कसा बुडेल हो?" मेहुण्याने विचारलं. "आणि असा अर्धवट मेसेज ती कधीपासून लिहायला लागली?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. त्यांची नजर हळूहळू नाळेकडे गेली. बादलीभर पाणी टबात ओतल्यावर ते सगळं तिच्या पायावरून कसं वाहून गेलं असेल, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

"नावाड्या," ते खोल आवाजात म्हणाले, "पलीकडच्या काठावर घे. याच्या दुकानाकडे."

"आणि ताईला काय कळवू?" मेहुण्याने विचारलं.

"लिही, भाऊजी बुडाले."

"अहो, पण तुम्ही तर चांगले धडधाकट बसलाय माझ्यासमोर!"

"लिही रे तू. आत्ता खोटं आहे," मास्तर वल्हं उचलत म्हणाले, "घरी पोचेपर्यंत खरं होईल."